नाकतोड्याला रंग कोण लावतो?

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्याच्या मळ्यांतून चालू लागा. पायाखालून हिरवे नाकतोडे टणाटण उडतात. दिवाळीनंतर कातळावर जा. तिथे गवत वाळलेले, आणि नाकतोडा मातकट. बसून राहिला तर दिसायचासुद्धा नाही.

शाळेत एका मुलाने मला विचारले होते, "मास्तरांनू, ह्येका रंग कोण लावता?" मी सांगून टाकले, "हिरवे गवत खातो म्हणून तो हिरवा." माझे ते उत्तर चुकले. म्हैसही हिरवे गवत खाते, ती कुठे हिरवी होते?

खरा प्रकार असा आहे. नाकतोड्याच्या डोक्यात, मेंदूच्या मागे, अगदी बारीक ग्रंथी असतात. त्यांतून रस निघतो, रक्तात मिसळतो आणि अंगभर निरोप पोचवतो. या रसाला संप्रेरक म्हणतात. एक रस पिल्लाला हिरवे करतो. दुसरा काळपट करतो. हा दुसरा रस जपानातल्या शास्त्रज्ञांनी पांढरट जातीच्या टोळांना टोचून पाहिला, तेव्हा ती पिल्ले काळी झाली. १९९९ साली त्याची ओळख पटली. त्याचे नाव कोराझोनिन.

मात्र नाकतोडा सरड्यासारखा घटकेत रंग बदलत नाही. पिल्लू कात टाकते, तेव्हा नव्या कातडीबरोबर नवा रंग येतो. पुष्कळ जातींत दमट हवेत हिरवी पिल्ले जास्त निघतात, कोरड्या हवेत मातकट.

टोळ हा नाकतोड्याचाच भाऊबंद. वाळवंटी टोळाचे पिल्लू एकटे वाढले तर बहुधा हिरवट राहते. दाटीत वाढले तर काळे-पिवळे होते. पुढे पंख फुटले की थव्यातला टोळ आधी गुलाबी असतो, आणि वयात आला की पिवळा. पिल्लाला हिरवे करणारा रसच या वयात पिवळा रंग आणतो, हे मोठे नवल!

मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागांत टोळधाड आली. लोकांनी थाळ्या, डबे बडवून ती हाकलली. त्या थव्यांतले टोळ अजून वयात आले नव्हते. असा गुलाबी टोळ पीक खातो नि पुढे उडून जातो. पिवळा थवा उतरला तर शेतकऱ्याने जमीनही पाहावी. मादी ओलसर रेताड मातीत चार-पाच इंच खोल अंडी घालते. हवा गरम असली तर दोनेक आठवड्यांत तिथूनच पिल्ले बाहेर पडतात, आणि त्यांना अजून पंख नसतात. तेवढ्या दिवसांत ती मारणे सोपे जाते.