‘आपण’ आणि ‘ते’ : ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील तरुणांची राजकीय वृत्ती आणि नागरी सहभाग

तरुणांची राजकीय वृत्ती हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकाचा मानला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण एवढेच, की वृत्ती मोजण्याची जी साधने आपण वापरतो, मग ती प्रश्नावली असो की मुलाखत, ती सर्व भाषेचीच घडलेली असतात. वजन करणाऱ्याने प्रथम तराजू तपासावा हे जसे उचित, तसेच मत विचारणाऱ्याने प्रथम शब्द तपासावा हेही उचित होय. प्रस्तुत लेखात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांच्या क्षेत्रांतील तरुण आपल्या नागरी जीवनाविषयी ज्या मराठीत बोलतात, तिच्या काही विशेषांचा विचार केला आहे. येथे दिलेली वाक्ये लोकलच्या डब्यात, महाविद्यालयांच्या आवारांत आणि मंडळांच्या बैठकींत कोणाच्याही कानावर सहज पडतील अशी आहेत.

(१)

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी. १९८८ सालच्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदाराचे किमान वय एकवीसवरून अठरावर आले. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिका व महापालिका यांना घटनात्मक स्थान दिले, त्यांची मुदत पाच वर्षे ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे असे बंधन घातले. या दोन दुरुस्त्या एकत्र वाचल्या, तर अठरा वर्षांच्या नागरिकास तेवीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास तरी आपल्या शहराचा कारभारी निवडण्याची संधी मिळावयास हवी.

प्रत्यक्षात काय घडले? कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाली. ठाण्याची २१ फेब्रुवारी २०१७ रोजी. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये व ठाण्याच्या सभागृहाची मार्च २०२२ मध्ये संपली. आधी महामारी, पुढे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील फेरबदल, अशा कारणांनी निवडणुका लांबत गेल्या आणि दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. कल्याण-डोंबिवलीत दोन निवडणुकांमधील हे अंतर दहा वर्षांहून अधिक आहे.

१९९८ साली कल्याणात जन्मलेल्या एका तरुणीची कल्पना करावी. २०१६ साली ती अठरा वर्षांची झाली. २०१९ आणि २०२४ या दोन वर्षांत मिळून तिने लोकसभेसाठी दोनदा व विधानसभेसाठी दोनदा मतदान केले असेल. परंतु आपल्या गल्लीतील गटार, नळाचे पाणी आणि कचऱ्याची गाडी ज्यांच्या अखत्यारीत येते त्यांना निवडण्याचा पहिला प्रसंग तिच्या वाट्यास आला तेव्हा तिची सत्तावीस वर्षे पुरी झाली होती. दिल्लीचे राज्य कोणी करावे हे तिला चारपाच वर्षांआड विचारले गेले. दारातील दिवा कोणी लावावा हे दशकभर विचारलेच गेले नाही.

या भागातील मतदानाचे प्रमाण कमी असते, हीही सर्वज्ञात गोष्ट आहे. कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१९ साली सुमारे ४५ टक्के आणि २०२४ साली सुमारे ५० टक्के मतदान झाले. दोन्ही वेळा राज्याचे प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास होते. यावरून ‘येथील तरुण उदासीन आहेत’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष घाईचा आहे असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

(२)

‘राजकारणात तुम्हांला रस आहे काय?’ हा प्रश्न पाहणीकाराच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी. परंतु ‘राजकारण’ हा शब्द निरुपद्रवी नाही. जुन्या मराठी पत्रव्यवहारात ‘राजकारण’ म्हणजे मसलत, गुप्त संधान, डावपेच. राज्यकारभार या व्यापक अर्थाबरोबर हा संकुचित अर्थही त्या शब्दास पहिल्यापासून चिकटलेला आहे. आजच्या बोलण्यात तोच अर्थ वरचढ झाला आहे. ‘यात राजकारण आणू नकोस’, ‘कचेरीत फार राजकारण चालते’ या वाक्यांत शासनसंस्थेचा लवलेशही नाही. क्रियापदाची साक्षही तीच आहे. मनुष्य राजकारणात ‘पडतो’, जसा तो भानगडीत पडतो किंवा फंदात पडतो. समाजकार्याला मात्र तो ‘वाहून घेतो’. ठाणे जिल्ह्यात ‘ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण’ हे शिवसेनेचे सूत्र दोनतीन पिढ्यांच्या कानांवरून गेले आहे. १९६७ साली ठाणे नगरपालिकेत सत्ता मिळाल्यापासून या पक्षाचा येथील तरुण मंडळांशी जो संबंध आला, त्यातून ‘समाजकारण’ हा शब्द ‘राजकारणा’चा सोवळा जोडीदार म्हणून रूढ झाला.

तेव्हा एखादा तरुण ‘मला राजकारणात रस नाही’ असे सांगतो त्या वेळी ‘मी सार्वजनिक जीवनापासून अलिप्त आहे’ असे तो म्हणत नसतो. ‘मी डावपेचांतला माणूस नव्हे’ एवढेच म्हणत असतो. तोच तरुण गणेशोत्सवात रात्रभर मंडपात राबतो, रक्तदान शिबिराची यादी करतो, गाडी उशिरा आली तर स्थानकप्रमुखाकडे शिष्टमंडळ घेऊन जातो. डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेली नववर्ष स्वागतयात्रा, जिचे अनुकरण पुढे अनेक गावांनी केले, ती तरुण स्वयंसेवकांच्या श्रमांवरच उभी राहते. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने रत्नाकर मतकरी (निधन २०२०) यांनी वस्त्यांतील मुलामुलींसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभारला. तेथे ही मुले आपल्याच वस्तीच्या प्रश्नांवर नाटिका लिहून सादर करू लागली. यांपैकी कोणतीही कृती ‘राजकारण’ या शीर्षकाखाली नोंदली जात नाही. दोष कृतीचा नव्हे, शीर्षकाचा आहे.

‘मतदान’ या शब्दाचीही अशीच चिकित्सा करता येईल. ‘मताधिकार’ हा हक्काचा शब्द कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि व्यवहारात दानाचा शब्द रुजला. दान पवित्र खरे. पण दान दिल्यावर हिशेब मागू नये असाही आपला संस्कार आहे. मत दिल्यानंतर पाच वर्षे गप्प बसणाऱ्या नागरिकाची भाषा त्याला गप्प बसण्यास काहीशी अनुकूलच ठरते.

(३)

आता वाक्यरचनेकडे वळू. शहरातील गैरसोयींविषयीची वाक्ये ऐकावीत : ‘रस्ता खोदून ठेवलाय’, ‘पाणी सोडलेच नाही’, ‘पूल तोडला, नवा बांधला नाही’. ही सर्व कर्मणी प्रयोगाची वाक्ये आहेत. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि तृतीयान्त कर्ता गाळला तरी व्याकरणाची हानी होत नाही. कर्ता अध्याहृत राहू शकतो, कारण श्रोत्याला तो ठाऊक असतो असे गृहीत असते. प्रशासकाच्या काळात नेमके हे गृहीतच ढळले. पूर्वी ‘कोणी?’ असे विचारले असता निदान नगरसेवकाचे नाव घेता येई. नंतर उत्तर आले ते ‘त्यांनी’. आणि ‘ते’ म्हणजे कोण, हे सांगणाऱ्यासही निश्चित सांगता येत नव्हते. सर्वनाम ज्या नामाऐवजी येते ते नामच नाहीसे झाले होते.

ही पोकळी नात्याच्या शब्दांनी भरून निघते. चौकाचौकांतील फलकांवर ‘दादा’, ‘भाऊ’, ‘भाई’, ‘साहेब’ यांची दाटी असते आणि एखाद्या हसऱ्या छायाचित्राखाली ‘भावी नगरसेवक’ अशी पदवी असते. अशा व्यवस्थेत तरुण ‘मी मागणी केली’ असे म्हणत नाही. ‘दादांना सांगून काम करून घेतले’ असे म्हणतो. ‘करून घेणे’ या संयुक्त क्रियापदात लाभ बोलणाऱ्याकडे येतो, पण कर्तृत्व दादांकडे राहते. नागरिकाच्या हक्काचे धाकट्या भावाच्या हट्टात असे रूपांतर होते. त्यात आपुलकी आहे हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याचा कोणी दादा नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर त्या आपुलकीत नाही.

(४)

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ मध्ये श्रोता वगळलेला असतो. ‘आपण’ मध्ये तो समाविष्ट असतो. गुजरातीतही हा भेद आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’ मध्ये तो नाही. मराठी माणूस तोंड उघडताच, आपल्या गटात कोण आणि गटाबाहेर कोण, हे त्याला सर्वनामातच सांगावे लागते. राजकीय वृत्तीच्या अभ्यासकास यापेक्षा सोयीचे साधन क्वचितच मिळेल.

कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांचे उदाहरण घ्यावे. १९८३ साली ही गावे नव्या महापालिकेत आली, २००२ साली वगळली गेली, १ जून २०१५ पासून पुन्हा समाविष्ट झाली. जून २०२० मध्ये त्यांतील अठरा गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जी गावे चार दशकांत अशी आत-बाहेर झाली, तेथील तरुणांच्या तोंडी ‘आमची गावे’ आणि ‘तुमची महापालिका’ असे शब्द यावेत, यात नवल नाही. आंदोलनात ‘आम्ही’ बळ देते. पण शहर चालविण्यास ‘आपण’ लागतो. आणि तोही याच भूमीत उच्चारला गेला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत भरलेल्या नव्वदाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद आगरी यूथ फोरम या संस्थेने स्वीकारले होते. आपल्या हक्कांसाठी ‘आम्ही’ म्हणणाऱ्या समाजातील संस्थेने साऱ्या महाराष्ट्राला ‘आपले संमेलन’ म्हणून बोलावले, ही घटना साहित्याइतकीच नागरिकत्वाच्या इतिहासातही नोंदण्याजोगी आहे.

तथापि ‘आपण’ आला म्हणजे सहभाग आला, असेही नव्हे. ‘आपण काय करणार?’ आणि ‘आपण काय करू या?’ ही वाक्ये शेजारी ठेवावीत. सर्वनाम एकच. पहिल्यात ‘-णार’ प्रत्यय आणि उतरता स्वर. अर्थ, काही होणे नाही. दुसऱ्यात ‘-ऊ या’. अर्थ, चला, काही ठरवू. एकोणतीसाव्या वर्षी पहिल्यांदा नगरसेवक निवडणारा तरुण पहिले वाक्य अधिक वेळा उच्चारीत असेल, तर तो स्वभावाने उदासीन आहे असे मानण्याचे कारण नाही. दुसरे वाक्य वापरण्याची रीतसर जागाच त्याला फार उशिरा मिळाली. महाविद्यालयांतही ती नव्हती : विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका १९९० नंतरच्या दशकात बंद पडल्या, आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तरतूद करूनही ती पुढे वर्षानुवर्षे कागदावरच राहिली.

(५)

या प्रश्नाचे दुसरे टोक पाहावयाचे तर पॅलेस्टाईनकडे पाहावे. तेथील विधानपरिषदेची निवडणूक २५ जानेवारी २००६ रोजी झाली. २०२१ साली ठरलेली पुढची निवडणूक ऐनवेळी लांबणीवर टाकण्यात आली. पश्चिम किनाऱ्यावर २०१२, २०१७ व २०२१-२२ या वर्षी स्थानिक निवडणुका झाल्या. गाझापट्टीत त्याही नाहीत. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील तरुणाला गावचा कारभारी निवडता आला पण देशाचा नाही, आणि कल्याणच्या तरुणाला देशाचा निवडता आला पण गावचा नाही. परकी लष्करी सत्तेखाली जगणाऱ्यांच्या यातनांशी आपल्या गैरसोयींची तुलना करणे अर्थातच अनुचित होईल. येथे साम्य आहे ते केवळ अभ्यासपद्धतीपुरते. मतपेटी नाही म्हणून तेथील तरुण अराजकीय झाला नाही. बीरझैत विद्यापीठातील विद्यार्थिसंसदेच्या निवडणुकांकडे सारे लोक राजकीय कलाचे माप म्हणून पाहतात. आणि ‘सुमूद’, म्हणजे आपल्या भूमीवर चिवटपणे टिकून राहणे, हा शब्दच तेथे राजकीय कृतीचे नाव बनला आहे. ‘सियासत’ मध्ये किती रस आहे एवढेच विचारणाऱ्या प्रश्नावलीच्या जाळ्यात ‘सुमूद’ सापडणार नाही. आपल्याकडील ‘समाजकारणा’चीही तीच गत आहे.

(६)

यावरून आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ‘राजकारणात रस आहे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या वर्षी वस्तीतील कोणत्या कामासाठी तुम्ही कोणाकडे गेलात?’ असे विचारावे. दुसरी, उत्तराचा सारांश न लिहिता उत्तर शब्दशः लिहावे. सर्वनाम, प्रयोग आणि प्रत्यय सारांशात गळून पडतात, आणि वृत्ती तर तेथेच असते. तिसरी, न मिळालेली संधी आणि नाकारलेली संधी यांत भेद करावा.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने दोन्ही शहरांच्या वाक्यांस पुन्हा कर्ता मिळाला आहे. प्रभाग बहुसदस्य असल्याने तो एकवचनी नाही, आणि चारांपैकी कोणास विचारावे हा नवा पेच त्यातून उद्भवतो. येत्या काही वर्षांत येथील तरुण ‘त्यांनी रस्ता खोदला’ यावरून ‘आपण निवडलेल्यांनी रस्ता खोदला’ या वाक्याकडे वळतात की नाही, हे कान देऊन ऐकण्याजोगे आहे. या अभ्यासासाठी निधीची गरज नाही. रोजच्या प्रवासात वही जवळ असली म्हणजे पुरे.