अष्टमीचं पाणी

इलेक्ट्रॉनिक सिटीतून समुद्र फार लांब. पूर्वेला चेन्नई, पश्चिमेला मंगळूर, दोन्हीकडे तीनशे किलोमीटरच्या वरच जावं लागतं, आणि आपण त्या पाण्याच्या पातळीपेक्षा नऊशे मीटर उंचावर राहतो. तरी पोरांना समुद्राचंच वेड. परवा संध्याकाळी सोसायटीच्या पूलवरून सगळी सेना ओल्या टॉवेलांसकट घरात शिरली. धाकट्या नातीचे ओठ निळे पडलेले, दात वाजत होते, आणि तशात तिचा प्रश्न, “आजोबा, समुद्र पोहून पार करता येतो?”

येतो की! आपल्या धरमतरच्या खाडीतून निघून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहत जाणारी मुलं आहेत. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. आपला पूल २५ मीटरचा, म्हणजे १४०० फेऱ्या, आणि दमलं तर धरायला कठडा नाही. बोम्मसंद्रहून यलो लाईनची मेट्रो पकडून आर. व्ही. रोडपर्यंत गेलात की १९ किलोमीटर होतात. तिथून उलट फिरून जवळजवळ घरापर्यंत यायचं, आणि हे सगळं हातापायांच्या जोरावर.

पण अंतराचा हिशेब हा सगळ्यात सोपा हिशेब. पूलमधलं पाणी जागच्या जागी असतं, समुद्राचं पाणी स्वतःच चालत असतं. त्याला चालवतो कोण? चंद्र. तो समुद्राला ओढतो, सूर्यही ओढतो, पण सूर्य फार लांब असल्यानं त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहूनही थोडी कमी पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, ओढ एकवटते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्याला कोकणात भांगाचं पाणी म्हणतात.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कुणी पुस्तक उघडत नसे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. आज पंचमी आहे ना? पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. मुंबईच्या बाजूला पावणेचारच्या आसपास भरती पूर्ण होणार, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. हे जमतं, कारण चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. होडी कधी लोटायची हे पिढ्यान् पिढ्या या एका पाढ्यावर ठरत आलंय. मला विचाराल तर एवढं नेटकं विज्ञान फार थोड्या ठिकाणी सापडतं.

धरमतरहून निघणारा पोहणाराही हाच हिशेब करतो. खाडीतून बाहेर पडताना ओहोटी हवी, म्हणजे उतरणारं पाणी त्याला मुखाकडे घेऊन जातं. तिथून पुढे भरती हवी, म्हणजे आत शिरणारं पाणी त्याला मुंबई बंदराकडे लोटतं. वेळ चुकली तर तेच पाणी समोरून येतं. मग हात चालतात, दम लागतो, पण किनाऱ्यावरचा दिवा तिथल्या तिथेच!

इंग्लिश खाडीत हे फार कठोरपणे दिसतं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधली ही खाडी सगळ्यात अरुंद जागी ३३-३४ किलोमीटर रुंद आहे. मॅथ्यू वेब नावाच्या इंग्रज खलाशानं १८७५ च्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय पोहून पार केली. त्याला जेलीफिश डसल्या. फ्रान्सचा किनारा समोर दिसत असताना पाण्याच्या ओढीनं त्याला जवळजवळ पाच तास किनाऱ्याला लागू दिलं नाही. शेवटी २१ तास ४५ मिनिटांनी तो कॅलेला लागला, आणि तोवर वेड्यावाकड्या वाटेनं साठहून जास्त किलोमीटर पोहून झाला होता. म्हणून आजही तिथे पोहायला जाणारे बहुतेक जण भांगाच्या पाण्याची तारीख मिळावी म्हणून आधीपासून नाव नोंदवून ठेवतात. सातासमुद्रापलीकडेही अष्टमीलाच मान!

१९५८ मध्ये मिहिर सेन ही खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय ठरले. पुढच्याच वर्षी आरती साहा ती पार करणारी पहिली आशियाई स्त्री झाली. दोघंही बंगालचे.

आता निळ्या ओठांकडे येऊ. पूलवर मी थर्मामीटर नेला होता. बाहेरची हवा २४ अंश, पाणीही २४ अंश. हवेत मी सदऱ्यावर आरामात बसलो होतो आणि पाण्यात ही पोरगी अर्ध्या तासात कुडकुडायला लागली. तापमान एकच, मग असं का? हवा उष्णता वाहून नेण्यात फार आळशी, अंगाभोवती तिची गोधडीच असते म्हणा ना. पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगानं उष्णता खेचून नेतं. अंगाजवळचा पातळ थर थोडा गरम झाला, की हात हलताच तो निघून जातो आणि नवा थंड थर येऊन चिकटतो. देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, त्याला याचं काहीच वाटत नाही. आपल्यापाशी तसलं काही नाही.

मग शरीर काय करतं बघा. थंड पाण्यात पडल्या पडल्या पहिली दोन-तीन मिनिटं धाप लागते, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर चांगला पोहणाराही घाबरतो. गंमत म्हणजे शरीर हे शिकतं. काही दिवस थोडा थोडा वेळ थंड पाण्यात उतरलं की ती धाप बरीच कमी होते. त्यानंतर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत हृदयाकडे आणि मेंदूकडे राखून ठेवलं जातं. बोटं बधिर होतात, फाकतात, पुन्हा जुळत नाहीत, आणि फाकलेल्या बोटांतून पाणी निसटतं. त्याच्या पुढची पायरी थरथर. स्नायू आपोआप हलतात ते उष्णता पैदा करायला. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली घसरलं की विचारही मंद होतात, आणि मंद झालेत हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही.

“मग कळतं कुणाला?” मोठ्या नातवानं विचारलं.

बोटीवरच्या माणसाला. सोबत एक बोट असते. तिथला माणूस मिनिटाला किती हात पडतात ते मोजत बसतो. साठाचे पन्नास झाले, पन्नासाचे पंचेचाळीस झाले, की तो ओरडून साधे प्रश्न विचारतो. नाव काय? आज वार कोणता? उत्तर चुकलं किंवा जीभ अडखळली, तर पोहणारा कितीही विनवू दे, त्याला वर ओढतात. पण तोवर बोटीला हात लावायचा नाही, एका बोटानंही नाही. अर्ध्या-पाऊण तासानं दोरीला बांधलेली बाटली पाण्यात टाकतात. कोमट, गोड पेय असतं. पाठीवर तरंगत दोन घोट घ्यायचे आणि पुन्हा तोंड पाण्यात. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि गॉगल, बस. खाऱ्या पाण्यानं जीभ सुजते. पाणी पोटात गेलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना शरीरातलंच पाणी खर्चावं लागतं, म्हणून पाण्यात राहूनही तहान लागते.

पुण्याच्या रोहन मोरेनं हे एकदा नाही, सात समुद्रांत केलं. ओशन्स सेव्हन म्हणून जगातल्या सात सामुद्रधुनी ठरलेल्या आहेत. इंग्लिश खाडी, कॅटलिना, हवाईतली मोलोकाई, जिब्राल्टर, जपानची त्सुगारू, आयर्लंड-स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनल आणि न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी. नॉर्थ चॅनलचं पाणी १०-१४ अंशांचं असतं आणि त्यात लांबच लांब तंतूंच्या जेलीफिश तरंगत असतात. मोलोकाईत पाणी उबदार, पण अंतर चाळीस किलोमीटरच्या पुढे, आणि तिथे शार्क असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये रोहननं कुक सामुद्रधुनी ८ तास ३७ मिनिटांत पार केली आणि सातही पूर्ण करणारा तो पहिला आशियाई ठरला. २०२३ च्या मार्चमध्ये नवी मुंबईचा प्रभात कोळी तिथेच सातवी सामुद्रधुनी पार करून निघाला, अवघ्या तेविसाव्या वर्षी. एवढ्या लहान वयात सातही कुणीच केल्या नव्हत्या. उकाड्याच्या मुलखात वाढलेली ही मुलं बर्फाळ पाण्यात उतरतात, याचं मला त्यांच्या बिल्ल्यांपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आणि मन? मिनिटाला साठ हात म्हणजे तासाला ३६००, दहा तासांत ३६,०००. डोळ्यांपुढे फक्त हिरवट पाणी, कानांत फक्त स्वतःचा श्वास, आणि ना कुणाशी बोलायचं ना काही बघायचं. अनुभवी माणसं सांगतात, किनाऱ्याकडे बघू नको. पाण्याच्या पातळीवरून बघताना तो तासन् तास जवळ येत नाही आणि मन खचतं. पुढच्या बाटलीपर्यंतच पोहायचं, ती आली की त्याच्या पुढच्या बाटलीपर्यंत. मुंबईची जिया राय स्वमग्न आहे. तिला पोहायला शिकवलं ते उपचाराचा भाग म्हणून. मार्च २०२२ मध्ये तेराव्या वर्षी ती श्रीलंकेच्या तलैमन्नारहून निघाली आणि १३ तास १० मिनिटांत पाल्कची सामुद्रधुनी पोहून धनुष्कोडीला लागली. तेच ते हात, तोच तो श्वास, बाहेरचं कुणी नाही. आपल्याला जे भयंकर वाटतं ते तिनं इतक्या शांतपणे केलं, की एकटेपणाची माझी कल्पनाच मला तपासून पाहावी लागली.

धरमतरची मुलं बऱ्याचदा अंधारात निघतात, तेव्हा एक गोष्ट मात्र बघायला मिळू शकते. कोकणच्या समुद्रात कधी कधी नॉक्टिलुका नावाचे एकपेशीय जीव दाटतात. टाचणीच्या डोक्याएवढे, काही त्याहूनही लहान. पाणी ढवळलं की त्यांच्या पेशीत रासायनिक क्रिया होते आणि निळसर ठिणगी उडते. हात पाण्यात शिरला की पाचही बोटांच्या कडा उजळतात, कोपरापर्यंत निळी रेघ उमटते, हात वर उचलला की थेंब लकाकत गळतात आणि विझतात. पुढचा हात, पुन्हा उजेड. या उजेडात उष्णता जवळजवळ नसते, म्हणून पोहणाऱ्याला त्याची ऊब काही मिळत नाही.

“किनारा आला की संपलं ना?” धाकटीनं विचारलं. तोवर तिचे ओठ गुलाबी झाले होते.

नाही. नियम असा, की कुणाचाही हात न धरता पाण्याबाहेर येऊन कोरड्या जमिनीवर उभं राहायचं. दहा-बारा तास आडवं राहिलेलं शरीर एकदम उभं झालं की पायांकडे रक्त धावतं आणि डोक्याकडचा दाब घसरतो, म्हणून कित्येक जण शेवटचं अंतर रांगत येतात. आणि सगळ्यात थंडी वाजते ती बाहेर आल्यावर. आखडलेल्या हातापायांतलं गार रक्त पुन्हा फिरायला लागतं, बाहेरचा गारठा आतपर्यंत पोचतो, आणि कोरड्यात बसलेल्या माणसाचं तापमान अर्धा तासभर आणखी उतरत राहतं. त्याला लगेच गरम पाण्यानं अंघोळ घालायची नाही, हातपाय चोळायचे नाहीत, एकदम चालवायचंही नाही. आधी ओले कपडे काढायचे, डोकं पुसायचं, थर थर कपडे चढवायचे, मग कोमट गोड काहीतरी थोडं थोडं पाजायचं, आणि थरथर थांबेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.