पकडीची साखळी: गुणवत्ता की प्रशिक्षण?

कबड्डीत चढाईपटूचे गुण एकट्याचे असतात, पकडीचे मात्र साखळीचे. दोन कोपरारक्षक आणि दोन मध्यरक्षक हा बचावाचा कणा. कोपरारक्षक घोटा किंवा मांडी धरतो. मध्यरक्षक लगेच ब्लॉक किंवा डॅश करून परतीची वाट रोखतो. मध्यरक्षकाला क्षणभर उशीर झाला, तर चढाईपटू धरणाऱ्याला ओढत मध्यरेषा गाठतो आणि गुण प्रतिस्पर्ध्याला जातो.

ताकद, पोहोच, चपळाई आणि अंदाज ही गुणवत्ता लिलावात विकत घेता येते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला २.३५ कोटी रुपयांना घेतले. वेळ साधणे, साथीदाराची हालचाल ओळखणे आणि घाई टाळणे हे मात्र सरावातूनच येते. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या संघात शादलुईसोबत संकेत सावंत, अबिनेश नादराजन आणि गौरव खत्री यांची फळी होती. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील शाळासंघांकडे लिलावाचा पैसा नसतो. त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे: चपळ मुले हेरावीत, त्यांच्या जागा लवकर ठरवाव्यात आणि तीच चौकडी दीर्घकाळ एकत्र खेळवावी. गुणवत्ता पकडीची कमाल मर्यादा ठरवते. तिथवर पोहोचवते ते प्रशिक्षण.