विजेरीची छाप आणि विजेरीचा कस

शेतकऱ्याच्या अवजारांची यादी करावयास बसले, तर नांगर, विळा, कोयता, कुदळ, इरले ही नावे ओघानेच येतात. विजेरीचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः पावसाळ्याच्या दिवसांत सूर्य मावळल्यापासून उजाडेपर्यंत शेतकऱ्यास जिच्यावाचून घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, अशी वस्तू विजेरीच होय. रात्री बांध फुटला, गोठ्यात गुरे बुजली, पंपाची वीज रात्रपाळीची आली किंवा पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढले, तरी प्रथम हात तिच्याकडेच जातो. म्हणून ती कशी पारखावी व कशी वापरावी, याचा विचार बियाण्याच्या निवडीइतक्याच काळजीने होणे अवश्य आहे.

आमच्या हेंद्रेपाड्याची वस्ती बदलापूरच्या पश्चिम भागात, उल्हास नदीच्या अंगाला आहे. शहर वाढत वाढत पाड्यात येऊन पोहोचले असले, तरी आसपास भातखाचरे राखून असलेली मंडळी आहेत, आणि पावसाळी रात्री ओहोळाला खेकडे धरावयास जाणारी तर पुष्कळच आहेत. या मंडळीत विजेरीचे मोठे शौकीन आहेत. मृगाच्या सुमारास चार जण ओसरीवर जमले, की कोणत्या छापाची विजेरी चांगली, हा वाद हमखास निघतो. एक पक्ष म्हणतो, "चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण नावाजलेल्या छापाचीच घ्यावी, बाजारी मालाचा सेल केव्हा फुगेल याचा नेम नाही." दुसरा पक्ष म्हणतो, "माल सगळा एकाच देशातून येतो. नाव छापण्याचे पैसे आम्ही का भरावे?" हा वाद बहुधा कोणी न हरता संपतो, कारण दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोन्ही पक्ष छापेविषयीच बोलत असतात, वस्तूविषयी नव्हे.

छापेची किंमत काय असते, हे समजण्यास आपल्या देशातील सर्वांत परिचित छापेचेच उदाहरण घेऊ. एव्हरेडीचा तांबडा सेल आणि धातूची लांब विजेरी जुन्या पिढीने घराघरात पाहिली आहे. ही कंपनी हिंदुस्थानात १९३४ साली नोंदली गेली. पुढे तिचेच नाव युनियन कार्बाइड इंडिया असे झाले. गावोगावी उजेड देणारे सेल करणारी हीच कंपनी भोपाळला कीटकनाशकांचा कारखानाही चालवीत होती, आणि १९८४ सालच्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधील रात्री तेथून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १९९४ साली मूळ अमेरिकन कंपनीने आपला हिस्सा विकला, तेव्हा कंपनीस एव्हरेडी इंडस्ट्रीज हे नाव मिळाले. २०२२ साली तिची सूत्रे पुन्हा नव्या हाती गेली. मालक बदलले, कारखाने बदलले, सेलातील रसायनेही बदलली. सेलावरचे नाव मात्र तेच राहिले. सांगावयाचे ते इतकेच, की छाप ही गतकाळच्या लौकिकाची नोंद असते. आज आपल्या हाती आलेल्या नगाची हमी तेवढ्याने मिळत नाही.

याची दुसरी बाजू पाहावयास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत संसार मांडले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. हाताला मिळेल तो उद्योग करून या लोकांनी तेथे मोठी बाजारपेठ उभी केली. तेथील मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असे लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, ही थट्टा आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? थट्टा बाजूस ठेवली, तरी तीत एक बोध आहे. त्या बाजारात चांगला, टिकाऊ मालही निघाला व निकृष्टही निघाला. गिऱ्हाइकाने अक्षरे वाचून घेतला तर तो फसला, आणि वस्तू हाताळून घेतला तर बहुधा फसला नाही.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. दप्तरात शिक्क्याचे महत्त्व मोठे. पण शिक्का उमटला म्हणून कागद खरा ठरत नाही. त्या कागदामागे नोंदवहीत नोंद असावी लागते, आणि ती नोंद ज्याला पाहावयाची त्याला पाहता यावी लागते. विजेरीच्या छापेलाही हाच नियम लावावा. ज्या अक्षरांचा पडताळा घेता येतो ती मोलाची. ज्यांचा येत नाही ती केवळ शाई.

आता वेष्टनावरील आकड्यांचा पडताळा घेऊ. उजेडाचे माप लुमेन या एककात देतात. घरातील जुना ६० वॅटचा तारेचा दिवा सुमारे ७०० ते ८०० लुमेन उजेड देई. हल्लीचा एल.ई.डी. दिवा एका वॅटला ढोबळ मानाने १०० लुमेन देतो, असे धरावे. आता बोटाएवढ्या सेलाच्या विजेरीवर '१०,००० लुमेन' असे छापलेले असेल, तर तिला १०० वॅट वीज हवी. लिथियमच्या चांगल्या सेलात सुमारे १२ वॅट-तास वीज मावते. म्हणजे तो सेल सात मिनिटांत रिता होईल, आणि त्यापूर्वीच विजेरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. याउलट १०० लुमेनचा माफक उजेड तोच सेल दहा तासांच्या आसपास देऊ शकतो. रात्रीचे पाणी धरणाऱ्यास यांतले कोणते हवे, हे सांगणे नको.

सेलावरील आकड्यांचीही तीच गत आहे. हल्लीच्या बहुतेक विजेऱ्यांत जो लिथियमचा सेल असतो त्यास १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाडी व ६५ मिलिमीटर लांबी यांवरून हे नाव पडले. या आकाराच्या उत्तम सेलाची धारणाशक्ती सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. बाजारात ९,९०० आकडा छापलेले सेल सर्रास मिळतात. असा सेल या आकारात आजवर कोणी केलेला नाही. पारख सोपी आहे. चांगला सेल वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातील काट्यावर तो ३० ग्रॅम भरला, तर आत माल कमी आहे असे समजावे.

विजेरी किती तास चालते, हे सांगणारा आकडाही जपून वाचावा. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या मापनपद्धतीप्रमाणे उजेड आरंभीच्या एक-दशांशावर येईपर्यंतचा सर्व काळ 'चालू' म्हणून मोजतात, आणि पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जेथवर पडतो तेथवर 'पल्ला' धरतात. ही पद्धत खोटी नव्हे; पण '१२ तास' म्हणजे बारा तास लखलखाट नव्हे आणि '३०० मीटर' म्हणजे तेवढ्या अंतरावरचा साप दिसेल असे नव्हे, हे जाणून असावे.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. लिथियमच्या सेलात थोड्या जागेत पुष्कळ शक्ती कोंडलेली असते. तो ४.२ व्होल्टच्या वर भरला, ठेचला गेला किंवा त्याची दोन टोके धातूने जोडली गेली, तर आतल्या आत तापत जाऊन पेट घेतो. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने २०२१ सालच्या जानेवारीत असे सुटे १८६५० सेल विकत घेऊ नयेत व वापरू नयेत, असा इशारा दिला होता. आपल्याकडे हे सेल सक्तीच्या नोंदणीखाली येतात. सेलावर आय.एस. १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावयास पाहिजे. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बी.आय.एस. केअर या मोबाइल उपयोजनात घातला, की नोंदणी कोणाच्या नावाची आहे हे दिसते. नोंदवही पाहण्याची सोय ती हीच. क्रमांक नसेल किंवा नाव जुळत नसेल, तर छाप कितीही मोठी असो, तो सेल घरात आणू नये.

दुसरा धोका आपल्या लोकांच्या ध्यानात फारसा येत नाही. ज्या स्वस्त विजेरीच्या बुडाशी दोन पिना असतात आणि जी सरळ भिंतीच्या खोबणीत खोचून भरतात, तिच्या आत पुष्कळदा वीज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. केवळ एका लहान कपॅसिटरवर काम भागविलेले असते. अशी विजेरी भरत असताना तिच्या आतील भागात घरातल्या मुख्य विजेचाच प्रवाह खेळत असतो. ओल्या हाताने तिची कळ दाबणे किंवा तिच्या धातूच्या भागास स्पर्श करणे जिवावर बेतू शकते. ती भरत असता हाताळू नये, पोरांना हाताळू देऊ नये, आणि पावसात भिजलेली विजेरी पुरती सुकल्याशिवाय खोबणीत घालू नये.

इतकी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे, की ऐन वेळी विजेरी विझणे ही केवळ गैरसोय नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज दिला आहे. वर्षाची सरासरी ५८ हजार पडते, आणि यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले आहेत. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही आपल्या भागाला नवे नाहीत. घोणस आणि फुरसे पाचोळ्याच्याच रंगाचे. निळसर पांढऱ्या झोताखाली सगळे गवत एकरंगी दिसते, किंचित पिवळसर उजेडात रंगांचे भेद अधिक स्पष्ट उमटतात. म्हणून दूरवर जाणाऱ्या झोतापेक्षा पायापुढे दोन-तीन वावांवर पसरणारा पिवळसर उजेड शेतात अधिक उपयोगी. पावसात व धुक्यात विजेरी डोळ्यांजवळ न धरता कमरेपाशी धरावी. झोत थेंबांवरून उलटून डोळ्यांवर येत नाही. इतके करूनही दंश झालाच, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न दवडता दंश झालेला अवयव स्थिर ठेवून माणसास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

नदीकाठच्या वस्तीला आणखी एक कारण आहे. २००५ सालच्या २६ जुलैचा पूर आपण विसरलेलो नाही. २०१९ सालच्या जुलैत २६ तारखेच्या रात्री बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची दुसऱ्या दिवशी सुटका झाली. अशा रात्री गावाची वीज प्रथम जाते. तेव्हा घरात एक विजेरी तरी पाणी न शिरणारी असावी. वेष्टनावर आय.पी.एक्स. ७ असे असल्यास ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असा त्याचा अर्थ, आय.पी.एक्स. ४ ही केवळ पावसाच्या शिंतोड्यांपुरती.

आता वादाचा निकाल. नामांकित छापेचा पक्ष एवढ्यापुरता बरोबर, की ज्याचे नाव व पत्ता ठिकाणावर आहे त्याच्याकडे तक्रार नेता येते. स्वस्ताईचा पक्ष एवढ्यापुरता बरोबर, की नावामुळे वस्तू आपोआप चांगली होत नाही. दोघांनीही मृगापूर्वी पुढील कसोटी घ्यावी, आणि मगच एकमेकांस शहाणपण शिकवावे.

विजेरी पूर्ण भरून सायंकाळी लावावी व दर तासाला त्याच भिंतीवर तिचा उजेड पाहावा. जी पहिल्या तासातच मंदावते ती रात्रीच्या कामाची नव्हे. भरताना सेल हाताला कोमट लागला तर चालेल, चटका बसू लागला तर तो बाद करावा. सेल फुगला, त्याचे आवरण फाटले किंवा त्याला वास आला, तर त्याचा मोह सोडावा. सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नयेत. नवा व जुना सेल एका विजेरीत घालू नये. साधे कोरडे सेल हंगाम संपताच काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून विजेरी खातात. शिसे-आम्लाची विजेरी माळ्यावर पडून असली, तरी महिन्यातून एकदा भरावी. पेंढ्याजवळ, गोठ्यात अथवा अंथरुणावर कोणतीही विजेरी भरावयास लावू नये, आणि रात्रभर भरत ठेवून निजू नये. सेल पेटलाच तर प्रथम मुख्य कळ बंद करून माणसे दूर करावीत व मग लांबून भरपूर पाणी ओतावे. निकामी सेल बांधावर किंवा नदीत न टाकता जेथे जुने सेल परत घेतात अशा विक्रेत्याकडे द्यावेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे ते गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

या कसोटीस जी उतरेल, ती विजेरी कोणत्याही छापेची असो, दारामागच्या खुंटीला टांगावी. आणि तिची जागा घरातल्या लहानथोर सर्वांस अंधारातही सापडेल अशी ठरवून ठेवावी.