युरियाची गोणी आणि अनुदानाचे गणित

सरकार शेतीला अनुदान का देते, याचे उत्तर केवळ शेतकऱ्याविषयीच्या कळवळ्यात शोधल्यास ते अपुरे राहते. शेतीचा व्यवहारच वेगळा आहे. पेरणीचा खर्च आधी करावा लागतो. पाऊस आणि भाव मात्र नंतर कळतात. पीक उदंड आले तर भाव कोसळतात, कारण धान्य स्वस्त झाले म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही. पीक बुडाले तर ग्राहकाच्या ताटात टंचाई येते. ही जोखीम एकट्या शेतकऱ्यावर सोडणे देशाला परवडणारे नसते.

भारताने हे १९६५-६६ आणि १९६६-६७ च्या लागोपाठच्या दुष्काळांत अनुभवले. त्या काळी देशाची भिस्त अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर होती. पुढे आलेले गव्हाचे बुटके वाण खताला उत्तम प्रतिसाद देत. मात्र त्यासाठी खत शेतकऱ्याच्या आवाक्यात असणे आवश्यक होते. म्हणून १९७७ पासून नत्रयुक्त खतांच्या कारखान्याचा मान्य खर्च आणि शेतकऱ्यासाठी ठरवलेली किंमत यांतील तफावत सरकार भरून देऊ लागले. खत स्वस्त राहिल्याने धान्याचे भावही आटोक्यात राहण्यास मदत झाली. या अनुदानाचा वाटेकरी शहरातील ग्राहकही आहे, तो असा.

तथापि, अनुदानाचे स्वरूप शेतातील निर्णयही घडवते. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झाले. युरिया त्याबाहेर राहिला. त्यानंतर या खतांचे दर वाढले, तर युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत, कर व कडुनिंब लेपनाचा खर्च वगळता, २०१८ पासून २४२ रुपयेच ठेवण्यात आली. साहजिकच नत्राचा वापर वाढला आणि खतांचा समतोल ढळला. जादा नत्राने पीक हिरवेगार दिसते; परंतु ते लोळते, रसशोषक किडींना बळी पडते आणि न वापरलेले नत्र भूजलात झिरपते.

येथे विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका निर्णायक ठरते. एका गोणीतून सुमारे २०.७ किलो नत्र मिळते. हा हिशेब माती परीक्षणाच्या अहवालाशी जुळवून, कडधान्याच्या बेवडाचा लाभ धरून आणि मात्रा विभागून देण्याचा आग्रह बांधावर धरला पाहिजे. अनुदानाने गोणीची किंमत उतरते. जमिनीची गरज बदलत नाही.