विहिरीवरची मोटार का जळते?

बीड जिल्ह्यात रब्बीच्या पाणीपाळ्या सुरू झाल्या, की मोटारी जळू लागतात. ऐन भरात आलेला हरभरा पाण्यावाचून राहतो आणि रिवाइंडिंगचा खर्च वेगळाच. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यातले. परंतु वाहिनीच्या टोकावरील विहिरीपर्यंत पोहोचताना विजेचा दाब बराच खालावलेला असतो.

तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टसाठी बनविलेली असते. दाब उतरला तरी पंपावरील भार जवळपास तेवढाच राहतो. साहजिकच मोटार अधिक प्रवाह ओढते. वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालू मोटारीचा एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजमधील प्रवाह सुमारे पावणेदोन पट आणि उष्णता तिप्पट होते. मोटार गुरगुरत फिरत राहते आणि काही मिनिटांत वाइंडिंग करपते.

दोष केवळ पुरवठ्याचा असतो असे मात्र नाही. रात्रीची वीज आल्यावर शेतात जाण्याची यातायात वाचावी म्हणून बसविलेला ऑटो स्विच अनेकदा घात करतो. ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता सुमारे ८५ अँपिअर. त्यावर पाच अश्वशक्तीचे दहा पंप असतील, तर चालू स्थितीत ते साधारण ७५ अँपिअर घेतात. पण थेट सुरू होताना प्रत्येक मोटार सहापट प्रवाह मागते. वीज येताच दहाही एकदम सुरू झाल्या, तर मागणी ४५० अँपिअरवर जाते! दाब कोसळतो, मोटारी उचल खात नाहीत आणि प्रसंगी रोहित्रच जळते. मग साऱ्या शिवाराचे पाणी थांबते. साप-विंचवाच्या भीतीने रात्री बाहेर न पडणाऱ्यास नावे ठेवता येणार नाहीत. निदान स्विचला टायमर जोडून रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपापसांत दोन-दोन मिनिटांचे अंतर ठरवून घ्यावे.

स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअर पाहून जाणकाराकडून लावून घ्यावा. फेज गेल्यास मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर तर हवाच. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे ही सारी राखण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय. योग्य क्षमतेच्या कपॅसिटरने वाहिनीवरील प्रवाह कमी होऊन दाबही काहीसा सुधारतो.

पाणबुडी मोटार सभोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर बोअरचे पाणी तुटले, की अँपिअरमीटरचा काटा एकाएकी खाली येतो. तो दिसताच मोटार बंद करावी.