दाखल्याच्या आधीची सात वर्षे

शालान्त परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस जवळ येऊ लागले, की मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या दारी, ज्यांच्या मुलांना रूढ अर्थाने कोणताही रोग नाही, अशा पालकांची ये-जा वाढू लागते. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतो; बोलण्यात चतुर, व्यवहारात दक्ष, एकदा ऐकलेली हकीकत वर्षभर स्मरणात ठेवणारा; परंतु त्याची उत्तरपत्रिका हाती घ्यावी, तर तिच्यात अक्षरे एकमेकांवर चढलेली, काने-मात्रा गळालेल्या, वाक्ये अर्धवट सुटलेली, आणि समासात वर्षानुवर्षे तोच लाल शेरा : ‘अभ्यासाकडे लक्ष नाही.’ त्याला अध्ययन अक्षमता आहे असा दाखला मिळाला, तर परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळू शकेल, हे कोणीतरी सांगितल्यामुळे ही मंडळी आलेली असतात. दाखला अवश्य मिळावा. तो त्या मुलाचा हक्क आहे. परंतु त्या मुलाला नेमके काय होते, हा प्रश्न तिसरीच्या वर्गात विचारला जावयास हवा होता. तो दहावीच्या उंबरठ्यावर विचारला जातो, आणि मधली सात वर्षे त्या मुलाने ‘आळशी’, ‘ढ’, ‘हट्टी’ या विशेषणांच्या सोबतीने काढलेली असतात. समावेशित शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिचा सारा भर या दाखल्यावर आणि तदनुषंगिक सवलतींवर पडलेला आहे; माझे लक्ष त्या सात वर्षांकडे वेधले जाते.

ही अक्षमता म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. 1896 साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या प्रिंगल मॉर्गन नामक डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान होता, दृष्टी निर्दोष होती, गणिते सुरळीत सोडवीत होता. पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते, आणि स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई, ती त्याच्या ध्यानातही येत नसे. सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नमूद करून ठेवले आहे. पुढे 1963 मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल कर्क यांनी अशा मुलांसाठी जी संज्ञा रूढ केली, तिलाच आज आपण अध्ययन अक्षमता म्हणतो. वाचनातील, लेखनातील आणि गणितातील अक्षमता ही तिची तीन प्रमुख रूपे. त्यांपैकी कधी एखादेच असते, कधी तिन्ही एकत्र आढळतात.

तिचे मूळ डोळ्यांत नाही आणि बुद्धीतही नाही. बोलण्याची सिद्धता मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. वाचनाची सिद्धता मात्र प्रत्येक पिढीतील प्रत्येक मुलाला नव्याने संपादन करावी लागते. उच्चारलेल्या शब्दाचे सुटे ध्वनी मनात वेगळे करणे, प्रत्येक ध्वनीला एकेक चिन्ह बांधणे, आणि ही बांधणी इतकी दृढ करणे की चिन्ह दिसताच ध्वनी आपोआप उमटावा, एवढे सारे मेंदूला करावे लागते. बहुसंख्य मुलांत हे दोन-तीन वर्षांत घडून येते. काही मुलांत, मेंदूच्या जडणघडणीतील आणि पुष्कळदा आनुवंशिक अशा भेदामुळे, ही बांधणी फार मंदपणे होते आणि झालेली पुन्हा सैल पडते. अशा मुलाला ‘अधिक वेळा वाच’ असे सांगणे व्यर्थ असते, कारण ज्या क्रियेत तो अडतो, तीच क्रिया त्याला न शिकवता पुनःपुन्हा करावयास लावली जाते.

या विषयावरील बहुतेक साहित्य इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या अनुभवावर उभारलेले आहे. देवनागरीत जसे लिहावे तसे वाचावे, म्हणून मराठी मुलाला अशी अडचण येतच नाही, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो, आणि त्यायोगे मराठी शाळांतील मुलांची मोठी हानी झाली आहे. आपली लिपी पुष्कळ अंशी नियमबद्ध आहे हे खरे. परंतु तिच्या अडचणीच्या जागा तिच्या स्वतःच्या आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातील भेद एखाद्या गाठीचा किंवा रेषेच्या वळणाचा आहे. ‘चमचा’ या शब्दातील पहिल्या आणि शेवटच्या ‘च’चा उच्चार भिन्न असूनही चिन्ह एकच आहे. आणि मात्रांची व जोडाक्षरांची रचना तर अशी, की डावीकडून उजवीकडे सरळ वाचीत जाणाऱ्या मुलाला ध्वनींचा क्रम पदोपदी उलटसुलट करून घ्यावा लागतो.

प्रश्नपत्रिकेच्या शिरोभागी नेहमी आढळणारा ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द घ्या. आरंभीच ऱ्हस्व इकार ‘व’च्या आधी लिहिलेला, पण उच्चार त्याच्या नंतरचा. मग ‘द’च्या पोटात शिरलेला ‘य’. त्यापुढे ‘थ’ आणि ‘य’ यांचे जोडाक्षर, त्याला काना, आणि त्या कान्याच्या माथ्यावर रफार व अनुस्वार दाटीवाटीने बसलेले. यातील ‘र’ उच्चारावयाचा ‘थ’च्या आधी, परंतु नजरेला तो भेटतो ‘थ’, ‘य’ आणि काना हे तिघे ओलांडल्यावर. सरावलेला वाचक हा शब्द एका चित्रासारखा ओळखतो. त्या मुलाला मात्र तो दर वेळी नव्याने उलगडावा लागतो. पहिल्या प्रश्नापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याची शक्ती सूचनेच्या ओळीत खर्ची पडते, आणि तोच प्रश्न कोणी मोठ्याने वाचून दाखविला, तर उत्तर तो तत्काळ देतो.

गणिताची कथा याहून उद्बोधक आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी लिहावा लागतो. संख्या ऐकून लिहिणारे मूल 25 च्या ठिकाणी 52 लिहिते, ते पुष्कळदा कानाशी प्रामाणिक राहूनच लिहिते. ‘एकोणतीस’ ऐकताच ‘तीस’ कानी पडल्यामुळे त्याचा हात तिनाच्या अंकाकडे वळतो, आणि एक उणे करण्याची वजाबाकी त्या शब्दात दडलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 2019 मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर ‘वीस पाच’ अशा पद्धतीचे सुबोध वाचन देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब उडाला! थट्टामस्करीचे पडसाद विधिमंडळापर्यंत पोहोचले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागची भूमिका शांतपणे मांडली होती. कानडी आणि तेलुगू भाषांतही दशकाचा उच्चार आधी होतो, हे तर आपल्या शेजाऱ्यांकडे पाहूनही कळण्याजोगे होते. भाषेच्या संचिताविषयी ज्यांना आस्था वाटली, त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, कारण ‘त्रेसष्ट’ आणि ‘अठ्ठ्याहत्तर’ हे शब्द नाहीसे व्हावेत असे मलाही वाटत नाही. परंतु त्या वादात, ज्या मुलाची पाटी रोज चुकत होती, त्याचा उल्लेख फारच थोड्यांनी केला. ज्या मुलाला गरज आहे त्याला दुसरीतच ‘वीस पाच’चा आधार द्यावा आणि अंकांची जागा मनात पक्की झाल्यावर ‘पंचवीस’ शिकवावे, यात मराठीचे काय उणे होणार होते?

अशी मुले किती? बेळगाव शहरातील प्राथमिक शाळांची पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हे प्रमाण सुमारे 15 टक्के आढळले. अन्यत्रच्या पाहण्यांतील अंदाज कमी-अधिक आहेत. त्यातला सौम्य अंदाज धरला, तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असणारच. ती ओळखण्यासाठी चाचणी मात्र मुलाच्या भाषेत हवी. मराठी माध्यमाच्या मुलाची पारख इंग्रजी शब्दांच्या यादीवर केली, तर जे हाती लागेल ते त्याच्या इंग्रजीचे मोजमाप होईल. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी जी चाचणी तयार केली, तिच्या पहिल्याच भाषांत हिंदी व कन्नड यांच्या जोडीने मराठीचा समावेश आहे. साधन उपलब्ध आहे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील तिसरीच्या वर्गापर्यंत नेण्याची तजवीज व्हावयास हवी.

कायद्याच्या बाजूने पाहता महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. अपंग मुलांना शक्य तेथे सामान्य शाळेतच शिकवावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने 1966 मध्येच केली होती. 1995 च्या केंद्रीय कायद्याने अपंगत्वाचे जे सात प्रकार मान्य केले, त्यांत अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते. तरीही 1996 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मंजूर केल्या, आणि त्या देणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. केंद्रीय कायद्याच्या यादीत ही अक्षमता येण्यास 2016 साल उजाडावे लागले. त्या कायद्याने मान्य प्रकारांची संख्या 21 वर नेली, आणि वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या कर्तव्यात समाविष्ट केल्या. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला दाखला देता येतो, आणि त्याची प्राथमिक चाळणी तिसरीच्या सुमारास शिक्षकांनीच करावयाची आहे. म्हणजे योग्य वेळ कोणती, हे शासनाच्या दफ्तरी लिहिलेलेच आहे. प्रत्यक्षात ती चाळणी पुष्कळ ठिकाणी होत नाही, मूल वर्गामागून वर्ग चढत जाते, आणि मंडळाची परीक्षा समोर दिसू लागल्यावर सर्वांना एकदम जाग येते.

तोवर उशीर झालेला असतो, आणि उशिराची भरपाई सवलतीने पुरती होत नाही. महाराष्ट्रात गणिताची अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला बीजगणित-भूमितीच्या ऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभवाचा एक विषय घेण्याची मुभा देण्यात आली. या मुभेने कित्येक मुले दहावी उत्तीर्ण झाली आणि आपापल्या कलेच्या वा व्यवसायाच्या मार्गाला लागली, हे तिचे मोठे श्रेय आहे. परंतु ज्याला दुसरीत दशक-एककाची जागा मण्यांनी, काड्यांनी, हाताला जाणवेल अशी शिकवली असती तर कदाचित भूमितीही जमली असती, त्याचा विज्ञानाकडे जाणारा मार्ग या मुभेबरोबरच बंद होतो. लेखनिकाचेही तसेच आहे. खालच्या इयत्तेतला, वेळेवर येणारा आणि सांगितलेले नीट उतरवून घेणारा लेखनिक मिळविताना खेड्यातील आईबापांची जी धावपळ होते, ती होतेच. पण ज्या मुलाला आपले उत्तर क्रमाने सांगण्याची सवय कधी लावलेलीच नाही, त्याला परीक्षेच्या दिवशी लेखनिक दिला, तर तो काय सांगणार?

लहान वयातील उपचारात्मक अध्यापनात गूढ असे काही नाही. शब्दाचे ध्वनी टाळ्या वाजवून सुटे करणे. एकाच बैठकीत ‘घ’ आणि ‘ध’ दोन्ही न शिकवता एक पुरता पक्का झाल्यावर दुसऱ्याकडे वळणे. अक्षर वाळूत वा खरखरीत कागदावर बोटाने गिरवताना त्याचा उच्चारही करविणे. जोडाक्षर आधी फोडून दाखविणे व मग जोडणे. आणि हे रोज, थोडा वेळ, ठरलेल्या क्रमाने करणे, हाच त्याचा गाभा. वर्गात करावयाच्या गोष्टी याहूनही सोप्या आहेत. पूर्वतयारीवाचून त्या मुलाला सर्वांसमोर उभे करून धडा वाचावयास लावू नये. फळ्यावरचे उतरवून घेण्यात त्याचा तास संपत असेल, तर मजकूर आयता द्यावा. इतिहासाच्या उत्तरात इतिहास तपासावा आणि ऱ्हस्वदीर्घाचे गुण भाषेच्या तासापुरते ठेवावेत. इतर मुलांवर यायोगे अन्याय होतो, अशी तक्रार पालक करतात. परंतु या प्रत्येक गोष्टीचा लाभ चाळीसही मुलांना होतो, आणि ती न केल्यास दोघांचे शिक्षणच थांबते.

मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे पाहून, कुरणशाळा चालविल्या, आणि मुले जेथे होती तेथे अक्षरे नेली. त्यांनी अंतर ओलांडले ते रानाचे होते. अध्ययन अक्षमता असलेले मूल पहिल्या बाकावर बसूनही तितकेच दूर असू शकते, आणि ते दूर आहे हे दिसत नसल्यामुळे त्याच्यापर्यंत जाण्याची निकड कोणाला भासत नाही.

हे सारे एकट्या वर्गशिक्षकाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. जनगणना, निवडणूक, माहितीची अनंत कोष्टके आणि पोषण आहाराचा हिशेब सांभाळून चाळीस मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाला विशेष शिक्षकाची साथ हवी. गटसाधन केंद्रातून येणारा विशेष शिक्षक अनेक शाळांत विभागलेला असतो, आणि ज्या उपायाचे सारे बळ रोजच्या सातत्यात आहे, तो अधूनमधूनच्या भेटीत साधत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दर 10 व त्यापुढे दर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. त्या प्रमाणाने पदे निर्माण करून ती कायम स्वरूपात भरणे, ही आज शिक्षण खात्याकडे करावयाची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी फारच अल्प खर्चाची आहे. जून महिन्यात वर्ग बदलतो, तेव्हा जुन्या शिक्षकाकडून नव्या शिक्षकाकडे हजेरीपट जातो, गुणपत्रके जातात. अशा मुलाविषयी मात्र ‘वाचन कच्चे’ या दोन शब्दांपलीकडे काहीच जात नाही, आणि वर्षभरात एका शिक्षकाने जे निरीक्षण केले, ते त्याच्याबरोबरच निघून जाते. त्याऐवजी एक पानाची नोंद जावी : रफार आणि इकार येथे अडतो, तोंडी गणित चांगले, लेखी उलटे, प्रश्न वाचून दाखविला तर उत्तर देतो, अक्षर मोठे आणि ओळींत अंतर असले तर कमी थकतो, अमुक अक्षरे गिरवून पक्की झाली, अमुक बाकी आहेत. दुसरीच्या बाईंनी हे पान तिसरीच्या गुरुजींच्या हाती द्यावे, आणि त्याची एक प्रत आईबापांना घरी न्यावयास मिळावी.